जामीन मिळाला, जामीनदार मिळेना

आमच्या सीमाभागात ‘हिंडलगा’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक हिंडलगा म्हणजे बेळगावच्या पश्चिमेस, शहराला लागूनच असलेले गाव. तेथे १९८६ च्या जूनमधील आंदोलनात बळी पडलेल्या हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. दुसरा हिंडलगा म्हणजे तेथला मध्यवर्ती तुरुंग. त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. ‘हिंडलग्याची हवा खाऊन आलाय’ असे एखाद्याविषयी म्हटले की आमच्याकडे अधिक खुलासा लागत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या वाचकांना हा वाक्प्रचार कदाचित ठाऊक नसेल. परंतु त्या त्या शहरातही असाच एखादा शब्द असणार, याची मला खात्री आहे.

मौज अशी, की हे वाक्य आमच्याकडे नेहमीच हिणवण्यासाठी उच्चारले जात असे असे नाही. १९३३-३४ च्या तुरुंगवासात महादेवभाई देसाई येथेच होते आणि गीतेवरील आपल्या कामात गढले होते. १९५० साली स्वातंत्र्यवीर सावरकर काही महिने येथे स्थानबद्ध होते. पुढे सीमालढ्याच्या सत्याग्रहींनी या भिंती आतून पाहिल्या. मराठी वाङ्मयाचा अभ्यासक या नात्याने तर मला तुरुंग ही एक प्रकारची लेखनशाळाच वाटत आलेली होती. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले, ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली उतरली, आणि विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सांगितली गेली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. वर्गात हे शिकविताना माझा स्वर आपोआप भारावे. विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारले नाही, आणि मलाही पुष्कळ वर्षे सुचले नाही, की त्याच तुरुंगांत त्याच वेळी दुसरे कोण होते आणि ते कोठे निजत होते. एवढे मात्र पुस्तकांतून दिसते, की १९३० ते ३२ या काळात सत्याग्रहींना ठेवायला जागा पुरेना म्हणून मुंबईत वरळीला आणि नगर जिल्ह्यात विसापूरला सरकारला वेगळी सोय करावी लागली होती. जागा अपुरी पडणे ही या खात्याची जुनीच सवय आहे.

माझ्या लहानपणी निपाणीच्या आसपास तुरुंगाचा असाच मानाचा प्रसंग घडला. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखू उत्पादकांनी श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग अडविला. तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावर बैलगाड्या होत्या, चुली होत्या, भजने होती. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी प्राणास मुकले, आणि शेकडो माणसांना दूरच्या तुरुंगांत नेण्यात आले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. आमच्या गल्लीतले दोघे त्यांत होते. ते परतले तेव्हा बायकांनी त्यांना ओवाळले. त्यांपैकी एक काका आम्हा पोरांना तुरुंगातल्या भाकरीचे वर्णन करून हसवीत. पण रात्री त्यांना दार बंद केलेल्या खोलीत झोप येत नसे, ते सोप्यात येऊन निजत. हे मला त्यांच्या मुलाने पुष्कळ उशिरा सांगितले.

ओवाळून घरात घेतला जाणारा कैदी आणि कोणी दारात उभे न करणारा कैदी यांत फरक आहे, आणि आज आपल्या तुरुंगांतील गर्दी ही बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या माणसांची आहे. त्यांतही एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा आकडेमोड केली. केंद्र सरकारच्या गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील सर्व तुरुंगांची मिळून क्षमता होती ४,३६,२६६ माणसांची. प्रत्यक्षात आत होती ५,७३,२२० माणसे. शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. आता त्यातले कच्चे कैदी किती? ४,३४,३०२. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही, अशा माणसांनीच देशातील तुरुंग जवळजवळ काठोकाठ भरले होते. न्यायालयाने शिक्षा ठोठावलेले सगळे पक्के कैदी सुमारे एक लाख तेहतीस हजार. केवळ तेच आत असते, तर दोन-तृतीयांश बराकी मोकळ्या राहिल्या असत्या.

सरासरीचे आकडे फसवे असतात, हे गणिताच्या मास्तरांनी मला अनेकदा सांगितले आहे. आमच्या हिंडलग्याची गर्दी मोठ्या शहरांच्या मानाने मध्यमच म्हणावी. खरी दाटी पाहायची ती पुण्या-मुंबईत. येरवड्याची अधिकृत क्षमता २,४४९, आणि अलीकडच्या काळात आत सहा हजारांवर माणसे. मुंबईच्या आर्थर रोडची क्षमता कित्येक वर्षे ८०४ धरली जात होती आणि माणसे तीन हजारांच्या घरात. वर्गखोलीत चाळीस बाके असताना दीडशे मुले बसवायची म्हटले तर काय होईल, हे मला सांगता येते. पहिली गोष्ट अशी होते की शिक्षक शिकविणे सोडून देतो आणि राखणदार होतो. दुसरी अशी की वर्गातला दांडगा मुलगा बाक वाटून देऊ लागतो. तुरुंगातही हेच होते, फक्त तेथे मधली सुटी नाही. देशभरात तुरुंग खात्याच्या मंजूर जागांपैकी सुमारे तीस टक्के रिकाम्या आहेत. तेव्हा वॉर्डरास तरी दोष किती द्यायचा! (आमच्या मराठी शाळांची अवस्था नेमकी उलटी. खोल्या आहेत, फळे आहेत, आणि पट दरवर्षी घटतो. सरकारच्या दोन खात्यांत माणसांची वाटणी काहीशी चुकलेलीच म्हणायची.)

मात्र या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती अहवालातून नव्हे, हजेरीपटावरून. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील सहावीतली एक मुलगी आणि तिचा नववीतला भाऊ एकाच वेळी यायचे बंद झाले. चौकशी करता कळले की वडील ‘आत’ आहेत. गृहस्थ मूळचा कागल तालुक्यातला, बायकोच्या गावी येऊन राहिलेला, तंबाखूच्या वखारीत हमाली करणारा. कोणाच्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीस गेली, त्यात आणखी दोघांबरोबर यालाही धरले. त्याने चोरी केली की नाही, हे मला ठाऊक नव्हते आणि ते ठरविणे माझे काम नव्हते. पण दोन आठवड्यांतच न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला होता, हे ऐकून मी चकित झालो. जामीन मंजूर, आणि माणूस आतच!

वाचकहो, येथे थोडे थांबले पाहिजे, कारण जामीन ‘मिळणे’ या क्रियापदात मोठीच गफलत आहे. न्यायालय जामीन देते म्हणजे एक अट देते. या माणसाच्या बाबतीत अट होती पंचवीस हजारांचा मुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. त्याचा सख्खा भाऊ कागलकडून सातबाराचा उतारा घेऊन धावत आला. तीस गुंठे जमीन, स्वतःच्या नावावर, कर्ज नाही. त्याला सांगण्यात आले, जमीन दुसऱ्या राज्यात आहे, येथला माणूस आणा. कोगनोळीच्या नाक्यापलीकडे ती जमीन उभ्या उभ्या दिसते. तिच्यावरून उडालेली चिमणी निपाणीच्या बाजारात दाणे टिपत असेल. परंतु १९५६ साली जी रेघ ओढली गेली तिच्या पलीकडचा उतारा म्हणून तो भाऊ परका ठरला, आणि ज्या गावी हा राहत होता तेथे तो जावई, म्हणून तेथेही अर्धा परकाच. मोटर चोरल्याचा आळ असलेल्या हमालासाठी आपला उतारा न्यायालयात ठेवायला कोण पुढे येणार? पुन्हा पैसे घेऊन जामीन राहणारी माणसे न्यायालयाच्या आवाराबाहेर असतात. त्यांचा दर परवडला असता तर हा हमाली कशाला करता!

त्यातच ऑगस्टात महापूर आला. महामार्ग कित्येक दिवस बंद, एक तारीख त्यात गेली. दुसऱ्या तारखेला पोलीस पथक उपलब्ध नाही म्हणून कैद्यांना न्यायालयात नेलेच नाही. तिसऱ्याला वकील नव्हते. अशी सात महिने ही कथा चालली. शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी, वय पंच्याहत्तर, आपल्या दोन एकरांची पहाणी पुढे केली. “मास्तर, तुम्ही म्हणता म्हणून,” एवढेच ते बोलले. तो सुटला तेव्हा जानेवारी संपत आला होता. दीड वर्षाने खटल्याचा निकाल लागला आणि साक्षीदार न टिकल्यामुळे तिघेही निर्दोष सुटले. त्या सात महिन्यांचा जमाखर्च कोठल्याही वहीत मांडला गेला नाही.

त्याने आतली हकीकत मला एकदाच सांगितली, तीही मी न विचारता. चाळीस माणसांच्या बराकीत नव्वदाच्या वर माणसे. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलायची, नाहीतर भांडण. पहाटे शौचकूपापुढे रांग. अंगाला खरूज, एक खोकणारा म्हातारा कोणाजवळ निजायचा यावरून रोज वाद. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, “गुरुजी, तिथं मोटर चोरणारा कोणी नव्हताच. जो तो मला विचारी, एवढ्यासाठी आत आलास? मग मला शिकवू लागले.” काय शिकवू लागले, ते त्याने सांगितले नाही. तो सुटून आला आणि दोनच महिन्यांत करोनाची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक राज्यास उच्चाधिकार समिती नेमायला लावली, आणि हजारो कैदी तात्पुरते सोडण्यात आले. वर्षानुवर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते साथीच्या भयाने काही आठवड्यांत शक्य झाले. माणसे घरी गेली. त्यामुळे राज्य बुडाले असे काही ऐकिवात आले नाही.

मुलगी शाळेत परत आली. मुलगा आला नाही. वडील आत गेल्यावर तो वखारीत जाऊ लागला होता. आई पहाटेपासून बिड्या वळी. वडील सुटल्यावर वखारवाल्याने त्यांना पुन्हा घेतले नाही, पण मुलाला ठेवले, आणि मग घर त्या मुलावरच चालू लागले. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या वेळी तो मला पाहून मागच्या दाराने निघून गेला. देशातील कैद्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा निरक्षर आहे आणि आणखी सुमारे चाळीस टक्के दहावीपर्यंत पोहोचलेले नाहीत, असे तोच अहवाल सांगतो. शाळा सुटणे आणि तुरुंग भरणे यांचा संबंध आम्ही मास्तर लोक एकाच दिशेने लावतो: शाळा सुटली म्हणून तुरुंग. उलट दिशेचा रस्ताही तितकाच रहदारीचा आहे.

पुढे एका वकील विद्यार्थ्याने मला एक निकाल वाचायला आणून दिला. १९७८ सालचा, सर्वोच्च न्यायालयाचा, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेला. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाचा एक गवंडी. त्याला जामीन देण्याचा आदेश झाला. खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती! न्यायमूर्तींनी रक्कम एक हजारावर आणली आणि विचारले, की बाहेरच्या भागातला जामीनदार किंवा दुसऱ्या भाषेतला कागद नाकारावा असे कोणता कायदा सांगतो? दक्षिणेतला माणूस उत्तरेत पकडला गेला तर त्याने तेथला मालमत्तावाला ओळखीचा कोठून आणायचा? आपल्यासारख्या, भाषेच्या मुलखाबाहेर घरे थाटलेल्या लोकांनी हा निकाल देवघरात ठेवावा इतका तो आपला आहे. बंगळुरात नोकरीला गेलेला आपला मुलगा उद्या एखाद्या अपघाताच्या खटल्यात सापडला, तर जामीनदार म्हणून आपण कोणाचा उतारा नेणार आहोत?

भाषेचेही तसेच. १९६२ साली नागपूरच्या एका स्थानबद्धाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की ज्याला इंग्रजी येत नाही त्याला इंग्रजीत कारणे देणे म्हणजे कारणे न देणेच होय. आमच्या हमालाने ज्या कागदांवर अंगठा उठविला त्यांतील अक्षर न् अक्षर त्याला अपरिचित होते. कन्नड त्याला बोलता येई, वाचता येत नसे. खरे सांगायचे तर मराठीही वाचता येत नसे. पण मराठीत कोणी वाचून दाखविले असते तर समजले असते.

१९७९ साली हुसैनआरा खातून खटल्यात बिहारच्या कच्च्या कैद्यांची दैना उघडकीस आली. शिक्षा झाली असती तर जेवढी झाली असती त्याहून अधिक काळ काहीजण नुसते वाट पाहत बसले होते. त्यानंतर कायदे झाले, समित्या झाल्या. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने १९८३ साली जाडजूड अहवाल दिला. नवे तुरुंग बांधणे हा उपाय दर वेळी पुढे येतो, आणि मला तो धरणाचे पाणी वाढते म्हणून भिंत उंच करण्यासारखा वाटतो. २०२२ च्या संविधानदिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी हाच प्रश्न उपस्थित केला, की प्रगती होत असेल तर तुरुंग वाढवावे का लागावेत? ज्यांनी आपल्याला १८९४ चा तुरुंग कायदा दिला त्या इंग्रजांच्या देशातही २०२४ च्या सप्टेंबरात जागा संपली, म्हणून अनेक कैद्यांना शिक्षेचा चाळीस टक्के काळ भरताच सोडावे लागले.

आमच्यापासून फार दूर नाही, सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याच्या कल्पनेवरून, तेथे भिंतीविना तुरुंग वसविला. कैदी शेती करतात, कुटुंब जवळ ठेवू शकतात. आटपाडीकडच्याच ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. पण त्यातला एक विरोधाभास पडद्यावर दिसत नाही. असा खुला तुरुंग असतो पक्क्या कैद्यांसाठी. खून शाबीत होऊन जन्मठेप भोगणारा, वर्तणूक चांगली असेल तर, एक दिवस मोकळ्या आभाळाखाली निजू शकतो. मोटर चोरल्याचा नुसता संशय असलेल्याला मात्र बराकीतच निजावे लागते, कारण तो अजून निर्दोष आहे!

तरीही अलीकडच्या वर्षांत काही गोष्टी कागदावर तरी बदलल्या आहेत, आणि त्या घराघरांत ठाऊक असाव्यात म्हणून येथे लिहून ठेवतो. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, की जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे. महिनाभरात मुचलका भरला गेला नाही तर न्यायालयाने आपण होऊन अटी सैल करण्याचा विचार करावा. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटकेतील विलंबाचे एक कारण असल्याने तशी अट घालू नये. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना काढली. जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत तिच्यात तेव्हा ठरविण्यात आली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडावयाचे आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यांना ही सवलत नाही. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकली आहे.

कागद आणि बराक यांच्यामध्ये पुष्कळ अंतर असते. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो वकील विद्यार्थी आणि मी आमच्या ग्रंथालयाच्या खोलीत तासभर बसतो. मी अर्ज मराठीत वाचून दाखवितो, तो कन्नडमध्ये लिहितो. कधी कोणी येत नाही, मग आम्ही चहा पिऊन उठतो. गेल्या शनिवारी चिकोडीकडची एक म्हातारी आली होती. नातू चार महिने आत, जामीन मंजूर, जामीनदार तिचा सांगलीकडचा भाऊ. आम्ही तिला २०२३ च्या त्या आदेशाची प्रत तिच्या वकिलासाठी दिली आणि स्थानिक जामीनदाराचा परिच्छेद लाल शाईने खुणावून ठेवला. तिने तो कागद नातवाच्या शाळेच्या जुन्या दाखल्याबरोबर पिशवीत घातला. तारीख येत्या गुरुवारी आहे.